उजव्या पायाची लबाडी

आबांना झटका आला तेव्हा मी धुळ्याला होते. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मुलींच्या शाळेत मी कवायत आणि आरोग्यशास्त्र शिकवत होते. वार्षिक परीक्षा चालू होती. गावाकडचा एक माणूस शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आबा गोठ्यात पडले, डावं अंग गेलं, भाऊ त्यांना मोटारीत घालून इकडेच आणतोय. मी हातातल्या उत्तरपत्रिका शेजारच्या बाईंकडे दिल्या आणि तशीच निघाले.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना पांझरेच्या काठी. बाजरी, भुईमूग, थोडी ज्वारी, सगळं पावसावर. पण आबांचं नाव होतं ते शेतीमुळे नव्हे, बैलांमुळे. साक्रीच्या किंवा पिंपळनेरच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की तो आबांना बरोबर घेऊन जायचा. दुसरे लोक आधी दात बघतात, वशिंड चाचपतात. आबा दात सगळ्यांत शेवटी बघायचे. आधी बैल चालवून घ्यायचे, जाताना मागून बघायचे, येताना समोरून बघायचे आणि मग खाली बसून मातीतले खुरांचे ठसे बघायचे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडला तर बैल चांगला. मागेच राहिला तर कमरेत काहीतरी आहे, असं ते सांगायचे. ते चुकल्याचं मी ऐकलं नाही.

माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी नवरा तापाने गेला. आबा मला घेऊन घरी आले. गावात कुजबुज झाली ती त्यांनी कानाआड केली आणि मला सातवीच्या फायनल परीक्षेला बसवलं, मग धुळ्याला ट्रेनिंगला पाठवलं.

दवाखान्यात आबा अडीच आठवडे होते. वाचा शाबूत होती, फक्त शब्द जरा जड यायचे. तोंड एका बाजूला ओढलं होतं ते हळूहळू सरळ झालं. पण डावा हात आणि डावा पाय दोन्ही तसेच, बाजेवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे होते. घरी न्यायची वेळ आली तेव्हा मी त्यांना विचारलं, की पाय बरा होईल का.

"पायाला काही झालेलंच नाही," ते म्हणाले. "हाड चांगलं आहे, स्नायू चांगले आहेत. मेंदूतला जो भाग त्या पायाला हुकूम देतो तो गेलाय. आजूबाजूचा भाग ते काम शिकला तर पाय हलेल."

"तो शिकणार कसा?"

"करून. तेच तेच पुन्हा करून. पण असं करून घेणारं माणूस आमच्याकडे नाही. घरी नेतात आणि निजवून ठेवतात. मग सांधे आखडतात आणि संपतं सगळं."

मी करून घेईन, असं मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी मला रोज सगळे सांधे कसे हलवायचे ते आबांच्याच अंगावर दाखवलं, खांदा ओढायचा नाही हे दोनदा बजावलं, आणि एक गोष्ट सांगितली जी मी पुढे हजार वेळा स्वतःला सांगितली. स्नायू फक्त ओढतो. ढकलत कधीच नाही. म्हणून प्रत्येक हालचालीला एक जोडी लागते, एक ओढणारा आणि एक सैल सोडणारा.

त्या दिवशी माझ्या भाड्याच्या खोलीवर परत येताना मला कळलं, की माणूस चालतो कसा हे मला ठाऊकच नाही. पाच वर्षं मी मैदानावर उभी राहून 'डावा, उजवा' ओरडत होते. आरोग्यशास्त्राच्या तासाला सांगाड्याच्या तक्त्यावर छडी ठेवून हाडांची नावं घेत होते. पण पाय उचलण्याच्या आधी शरीर काय करतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी बघायला लागले. परीक्षेनंतरचे तीन-चार दिवस शाळा होती, तेवढ्यात मी मुलींना व्हरांड्यातून एकेक चालायला लावलं. मुलींना वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय. खोलीवर दार लावून मी स्वतः चालले, दोन्ही हात कमरेवर ठेवून. उजवा पाय उचलायचा म्हटलं, की आधी सगळं अंग डावीकडे सरकतं. डाव्या कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. तो घट्ट झाला नाही तर कंबर उजवीकडे कलंडेल. म्हणजे पाय उचलणं हे काम उचलणाऱ्या पायाचं कमी आणि उभ्या राहणाऱ्या पायाचं जास्त. हे मला त्या खोलीत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. मला स्वतःची लाजही वाटली आणि जोरही आला.

चैत्र संपत आला होता. सुट्टी लागली आणि मी गावी गेले.

घरात माय होती, मोठा भाऊ होता, वहिनी होती. आबांची बाज ओसरीवर टाकली होती. पहिल्याच दिवशी मी काय करणार आहे ते सगळ्यांना सांगितलं. माय पदराने डोळे पुसत राहिली. भाऊ म्हणाला, की त्यांनी साठ वर्षं राबून काढलीत, आता चार दिवस निवांत पडू दे, मी आहे सगळं करायला. तो मनापासून बोलत होता. सकाळ-संध्याकाळ तोच आबांना उचलून बसवायचा, अंग पुसायचा. त्याच्या सेवेत काही कमी नव्हतं. मला त्याला कसं सांगावं कळेना, की या सेवेनेच आबा कायमचे निजतील.

शेवटी मी आबांनाच विचारलं. त्यांनी उजव्या हाताने डावा पाय चाचपला. मग आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ पाय मना नही शे असं वाटस. तू मास्तरीण शे ना? मंग शिकाड माले."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. सकाळी ऊन चढायच्या आत एकदा आणि दिवस कलल्यावर एकदा. आधी सांधे हलवायचे, मग बसणं. बाजेच्या कडेवर बसले की आबा डावीकडे कलंडायचे. मी डाव्या बाजूला बसून खांदा लावायची आणि रोज थोडा थोडा काढून घ्यायची. आठ दिवसांत ते आधाराशिवाय बसले.

उठणं मात्र जमेना. मी आणि भाऊ दोन्हीकडून धरून वर ओढायचो आणि ते मागे पडायचे. दोघांचे दंड भरून आले. एका दुपारी माय जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. तिला वहिनीने हाक मारली. ती उठताना मी सहज बघत होते, आणि दिसलं, की ती वर जायच्या आधी पुढे जाते. आधी डोकं पुढे गेलं, गुडघ्यांच्याही पुढे, मग बूड उचललं गेलं, आणि मग ती सरळ झाली. मी तिला पुन्हा बसायला सांगितलं. पुन्हा उठायला सांगितलं. चार वेळा झाल्यावर ती वैतागली, पण तोवर माझं काम झालं होतं. आम्ही आबांना वर ओढत होतो. त्यांना पुढे वाकवायला हवं होतं. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले, त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर घेतले, नाक माझ्या पोटाकडे आणा म्हटलं, आणि ते उठले. पाय थरथरत होते, पण उभे राहिले. माय शेंगांचं सूप हातात घेऊन तशीच बघत राहिली.

मग घाई झाली ती माझ्याकडून. सुट्टी संपायच्या आत चालवायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. घरामागच्या खळ्यावर मी त्यांना उतरवलं. उजव्या हातात काठी, डावीकडे मी. सगळा भर मी डाव्या पायावर दिला होता. तो पाय उचला, पुढे टाका, पुन्हा उचला. दिवसभर मी त्याच पायाला तेल चोळायची, त्यालाच हुकूम सोडायची. चवडा खाली लोंबायचा, अंगठा मातीत रुतायचा, आणि आबा सगळं अंग उजवीकडे फेकून तो पाय कसाबसा ओढून आणायचे. पाच-सहा पावलांत घामाने भिजायचे. मी म्हणायची, अजून एकदा.

ज्या दिवशी ते पडले त्या दिवशीही मी तेच म्हटलं होतं. अंगठा अडकला, ते माझ्याच बाजूला कोसळले, मला सावरता आलं नाही. डोकं वाचलं. पण डाव्या खांद्याला मार बसला आणि संध्याकाळपर्यंत तो सुजून आला.

भाऊ माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आबांना उचलून बाजेवर नेलं आणि मला सांगितलं, की आता हे बंद. मायही आत येऊन म्हणाली, "आते त्यासले तरास नको देऊ." मी चुलीपाशी बसून राहिले. खांदा ओढायचा नाही हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं आणि मी त्याच खांद्यावर त्यांना पाडलं होतं. मला खरोखर वाटलं, की मी माझ्या हट्टासाठी म्हाताऱ्या माणसाला छळते आहे.

सूज उतरायला बारा-तेरा दिवस लागले. तेवढे दिवस मी फक्त सांधे हलवले, खांदा सोडून. उभं राहण्याचा विषय कुणी काढला नाही. मग एका सकाळी आबांनी भावाला हाक मारली आणि म्हणाले, "माले खळावर लई चाल." भावाने आधी खळ्यावर न्यायला नको म्हटलं. आबांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही, नुसतं त्याच्याकडे बघत राहिले. ती नजर आम्हा दोघांना लहानपणापासून ठाऊक होती.

खळ्यावर गेल्यावर त्यांनी मला खळं झाडून त्यावर चुलीची राख आणि बारीक माती पसरायला सांगितली. मी पसरली. मग म्हणाले, आता मला चालवा, दोघं दोन्हीकडून धरा, आणि नंतर ठसे पुसू नका. आम्ही त्यांना आठ-दहा पावलं चालवलं. भावाने बाज आणली, त्यावर त्यांना बसवलं. आबा पुढे वाकून बाजारात बघायचे तसे ते ठसे बघू लागले. किती वेळ बघत होते कोण जाणे. ऊन अंगावर आलं तरी हलेनात.

मला फक्त डाव्या पायाचं दिसत होतं. टाच उमटलेलीच नव्हती, आणि अंगठ्यापुढे राखेत लांब ओरखडा होता. मी तेच म्हणाले, की आबा, हा पाय अजून उचलत नाही.

आबांनी काठीने उजव्या पायाचा ठसा दाखवला. "डावा लंगडा शे, तो लंगडाच दिसी. हाऊ उजवा दख. हाऊ लबाड शे."

मग त्यांनी समजावून सांगितलं, एकेक शब्द जुळवत. उजवा पाय डाव्याच्या पुढे जातच नाही. डाव्याच्या बरोबरीला येऊन टेकतो. डाव्यावर भार पडायच्या आत तो घाईघाईने खाली येतो, कारण त्याचा डाव्यावर विश्वास नाही. बैलाच्या एका पायात काटा असला की दुसरा पाय असाच लवकर पडतो. काटा निघाला तरी पुढे काही दिवस तो तसाच पडत राहतो. मग बैलाला ओझं लावून उतारावर चालवायचं, म्हणजे त्याला दुखऱ्या पायावर उभं राहावंच लागतं.

मी खाली बसून अंतर मोजलं. डावा पाय उजव्याच्या पुढे वीत-दीड वीत जात होता. उजवा डाव्याच्या पुढे चार बोटंही नाही. धुळ्याच्या खोलीत कमरेवर हात ठेवून मला जे कळलं होतं, की उचलणाऱ्या पायापेक्षा उभ्या पायाचं काम मोठं, तेच मी महिनाभर विसरले होते. मी डाव्याला उचलायला शिकवत होते. त्याला उभं राहायला शिकवायला हवं होतं.

भाऊ सगळं ऐकत होता. दुपारी तो बांबू घेऊन आला आणि खळ्यावर कमरेइतक्या उंचीचे दोन कठडे त्याने स्वतः बांधले, एकमेकांना समांतर, मधून एक माणूस जाईल एवढी जागा ठेवून. त्या दिवसापासून तो माझ्या बाजूला आला.

आता आम्ही चालणं सोडून दिलं. कठड्यांच्या मध्ये आबांना उभं करायचं, समोर जेवायचा पाट ठेवायचा आणि उजवा पाय पाटावर ठेवायला सांगायचं. उजवा पाटावर गेला की भार डाव्यावर येणारच. डाव्या गुडघ्याला माझा गुडघा टेकवलेला, म्हणजे तो वाकून कोसळू नये. सुरुवातीला उजवा पाय पाटाला लागायच्या आत परत यायचा. आबा त्याला शिव्या द्यायचे. मग मी अंक म्हणायला लागले. एक म्हणेपर्यंत थांबला. चार दिवसांनी दोन. ज्येष्ठाच्या शेवटी तो दहा अंकांपर्यंत पाटावर राहायला लागला आणि मी माझा गुडघा काढून घेतला.

लोंबणाऱ्या चवड्यावरचा उपाय गावातल्या चांभारकाकांनी केला. मी त्यांना सांगितलं, की पाय उचलला की चवडा वर राहिला पाहिजे, जो स्नायू त्याला ओढतो तो ऐकत नाही. त्यांनी वहाणेच्या पुढच्या टोकाला चामड्याची वादी शिवली आणि ती गुडघ्याखाली बांधायच्या रुंद पट्ट्याला जोडली. मेलेल्या स्नायूच्या जागी एक वादी. तीही फक्त ओढायचीच.

शाळा उघडली. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटून शनिवारी शेवटचे दोन तास मोकळे मागून घेतले. दर शनिवारी साक्रीची एसटी, साक्रीहून मिळेल ती बैलगाडी, नाहीतर पायी. रविवारी संध्याकाळी परत. पावसाळ्यात दोनदा ओढ्याला पाणी आल्यामुळे अलीकडच्या वस्तीवर थांबावं लागलं. बाकी शनिवार मी चुकवला नाही. मधल्या दिवसांत भाऊ आबांकडून सगळं करून घ्यायचा, माझ्यापेक्षा कडकपणे. गेल्यावर मी आधी खळ्यावर जायची. पाऊस सुरू झाल्यावर त्याने खळ्यावर गवताचं छप्पर टाकलं होतं, राख कोरडी राहावी म्हणून. ठसे बघायची. उजव्याचं अंतर चार बोटांवरून एक वीत झालं.

दिवाळीनंतर आबा साक्रीच्या बाजाराला गेले. गाडीत बसून गेले, पण गाडीतळापासून बैलांच्या रांगेपर्यंत चालत. उजव्या हातात काठी, डाव्या पायाला वादी, डावा हात गळ्यात बांधलेला, कारण हात परत आला नाही. तो कधीच आला नाही, बोटंसुद्धा हलली नाहीत. मी हात पुढे केला तर त्यांनी काठीनेच बाजूला केला. निरोगी माणूस चार-पाच मिनिटांत जाईल तेवढ्या अंतराला अर्धा तास लागला. ओळखीचे लोक वाट देत होते. कुणी थांबवलं तर ते थांबत नव्हते, कारण थांबून पुन्हा सुरू करणं त्यांना जड जायचं. रांगेपाशी एकाने आपला बैल चालवून दाखवला. आबांना खाली बसता येत नव्हतं. त्यांनी उभ्यानेच ठसे बघितले आणि सांगितलं, की हा बैल घेऊ नका.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. शेताच्या बांधापर्यंत रोज जायचे. शेवटच्या वर्षी पुन्हा झटका आला, आणि त्यातून ते उठले नाहीत.

साक्रीच्या त्या बाजारानंतर लगेच मी डॉक्टरांना भेटायला गेले. त्यांना सगळं सांगितलं, ठशांचं आणि पाटाचंही. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, पाटाची उंची किती ते विचारलं. मग म्हणाले, की धुळ्यातच एका गिरणी कामगाराची बायको अशाच झटक्याने तीन महिन्यांपासून निजून आहे, तुम्हाला वेळ आहे का.

मी शाळा सुटल्यावर रोज तिच्याकडे जायला लागले. तिचे सांधे आखडले होते, उशीर झाला होता. वर्षभर जात होते. ती चालली नाही. एकदाही नाही. पण ती आधाराशिवाय बसायला लागली, आणि एका हाताने तांदूळ निवडायला लागली. तिचा नवरा कामावरून आला की ती दाराकडे तोंड करून बसलेली असायची. मी गेले की ती म्हणायची, बाई, आज उभं राहून बघू. मी तिच्यासमोर बसायची, तिचा चांगला हात खांद्यावर घ्यायची आणि म्हणायची, नाक पुढे आणा.